आधी चौकट, बाय

माझ्या नव्याकोऱ्या दाराला, त्यावर कोरलेल्या मोरासकट, "येडं" म्हणणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. दाराला म्हणाला की मला, हे मी तेव्हा विचारलं नाही. तीस वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून बराच अवकाश होता.

सगळी मांजर्ली, म्हणजे बदलापुरातला आमचा भाग, त्यांना मिस्त्री म्हणायची. त्यांचं खरं नाव बहुधा फक्त रेशनकार्डाला माहीत असावं. मूळचे तिथलेच, शेतीवाले. बदलापुरात भाताच्या खाचरांतून बिल्डिंगी उगवायला लागल्या, तेव्हा यांनी शेत भावाकडे सोपवलं आणि बापाची करवत उचलली. अंगाने काटकुळे, डोक्याला पांढरी टोपी, काखेत एक बुटकं स्टूल. कानावर पेन्सिल असायची, पण ती कागदाला लागलेली मी कधी पाहिली नाही. तिचा उपयोग पाठ खाजवायला.

कुणाच्याही घरी आले की नमस्कार-चमत्कार काही नाही. आधी दाराशी उभं राहून डोळे मिटायचे, दार एकदा उघडायचं, एकदा लावायचं आणि कान देऊन ऐकायचं. मग निदान. "वरची बिजागरी कन्हते." "कडी बरोबर हाय, भिंत खोटं बोलते." पिशवीत मीटरपट्टी होती, पण ती गिऱ्हाइकांसाठी. "मी वितीनं नि बोटांनी मापतो. पट्टी काढली नाय तर तुमाना झोप लागत नाय," म्हणून ते पट्टी काढायचे, जमिनीवर ठेवायचे आणि पुन्हा वितीनेच मापायचे.

कपाट, फळ्या, पलंग या गोष्टी त्यांना खेळण्यासारख्या वाटत. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांना एकदा देवासाठी फळी ठोकायला बोलावलं. मिस्त्रींनी फळीकडे बघितलंही नाही. मोरीची चौकट बोटभर कलली होती, ती सरळ केली, चहा घेतला आणि निघाले.

"अहो मिस्त्री, माझी फळी!" काकू जिन्यापर्यंत मागे धावल्या.

"देव पडत नाय गो. मोरीत मानूस पडतो."

त्यांच्या लेखी जगात चौकटी होत्या आणि बाकीचा पसारा होता. "दार म्हंजे कपडे, बाय. चौकट म्हंजे हाडं," असं ते मला निदान पन्नास वेळा म्हणाले असतील. त्यातले एकोणपन्नास मी ऐकले नाहीत.

आता माझ्याबद्दल. मी बी.कॉम. होते, भाव करण्यात पटाईत होते आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आमचं घर तळमजल्यावर. नदी जवळ आहे हे घर घेताना आम्हाला सौंदर्य वाटलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटाशेवटाला एका आषाढात ते सौंदर्य दोन दिवस आमच्या घरी मुक्कामाला आलं. पाणी ओसरल्यावर पाहिलं तर दार खालून पाव बुडवल्यासारखं झालेलं, आणि चौकटीचे पाय काळेनिळे.

त्याच वर्षी नेमक्या गौरी आमच्याकडे येणार होत्या. गौरी म्हणजे आमच्या घराण्याचे मुखवटे. ते आजवर डोंबिवलीला, थोरल्या जाऊबाईंकडे. पण जाऊबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि सासूबाई म्हणाल्या, यंदा धाकटीकडे होऊ देत. जाऊबाईंनी मान डोलावली, आणि मला बाजूला घेऊन अगदी मायेने सांगितलं, "नाही जमलं तर संकोच करू नकोस हं. गौरी काय, माझ्याकडेच राहतील. गुडघे काय, दुखायचेच."

ते ऐकल्यापासून माझा जीव गौरींत नव्हता, जाऊबाईंना तोंडात बोट घालायला लावण्यात होता. आणि तोंडात बोट म्हणजे नवं दार, हे मी ठरवून टाकलं.

मी शास्त्रशुद्ध कामाला लागले. सुतळी घेतली, जुन्या दाराला लावली, उंचीला एक गाठ, रुंदीला एक गाठ. ती सुतळी पर्समध्ये टाकून उल्हासनगर, कॅम्प चार. तिथे दारांचं दुकान होतं. दुकानदार सिंधी, गोड बोलणारा, चहा पाजणारा. दोन्ही बाजूंनी मोरपिसारा फुलवलेलं एक दार त्याने असं पुढे केलं, जसा एखादा बाप आपली मुलगी दाखवायला आणतो.

"बहेनजी, ये दरवाजा देखके मेहमान अंदर आना भूल जायेंगे. माप चौखट का लिया है ना?"

"हां हां, सब बराबर है," मी म्हटलं. चौकटीचं माप वेगळं असतं आणि दाराचं वेगळं, हे मला ठाऊक नव्हतं. पण बी.कॉम. झालेल्या बाईने असं कबूल कसं करायचं? एक तास भाव केला. मग टेम्पोत मोर मागे उभा, मी ड्रायव्हरशेजारी. अंबरनाथ ओलांडताना रस्त्यावरची माणसं मोराकडे बघत होती. मला वाटलं, माझ्याकडे.

मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी मोराकडे पाहिलं, ते "येडं" की काय ते म्हणाले, आणि चौकटीसमोर स्टूल टाकून बसले. अर्धा तास नुसते बसून. मग स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि चौकटीच्या पायात खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"बाय, ही चौकट नाय. बिस्कुट हाय. आधी हिचे पाय कापायचे, नवे जोडायचे, मंग दार. पंधरा दिस."

"पंधरा दिवस? गौरींना सतराच उरलेत, मिस्त्री! वरून पॉलिश मारलं की दिसणार आहे का काही?"

"दिसनार नाय. वाजंल." आणि स्टूल काखेत मारून गेले.

मी काय गप्प बसणारी? दुसऱ्या दिवशी कॅम्प चारहून एक फिटिंगवाला आणला. "एक घंटे का काम है, भाभीजी." त्याने खरंच तासात केलं. कुजलेल्या जागी पुट्टीसारखी लांबी भरली, वरून रंग फासला, लांबलचक स्क्रू पिळले, दार टांगलं. दाराखाली तीन बोटं फट राहिली. "हवा खेळेगी," तो म्हणाला. संध्याकाळी त्या फटीतून एक बेडूक आला. मी त्यालाही शुभशकुन मानलं आणि बिल्डिंगमध्ये पेढे वाटले.

चार दिवस दार टिकलं. पाचव्या दिवशी दुपारी काकू खाली आल्या. मी म्हटलं, "बघा ना काकू, कसं अलगद उघडतं!" आणि कडीला धरून दार ओढलं.

ते खरंच अलगद उघडलं. पूर्णच उघडलं. तिन्ही बिजागऱ्या, त्यांना चिकटून चौकटीचा हातभर लांब ढलपा आणि त्यात भरलेली लांबी, असं सगळं लटांबर घेऊन दार माझ्या मिठीत आलं. मी मागे भिंतीला टेकले आणि दार माझ्या अंगावर. मोराची चोच माझ्या नाकाला लागलेली.

"काकू, धरा!"

"मी? माझी कंबर गं..."

सासूबाई आतून धावत आल्या. मला वाटलं, आता सुटले. त्या ओरडल्या, "सोडू नकोस गं! मोराची चोच मोडेल!"

बाजूच्या बिल्डिंगमध्ये मिस्त्री काम करत होते. काकूंनी हाक मारली. पावलं ऐकू आली, मग स्टूल जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मला दिसत काहीच नव्हतं, फक्त मोर.

"आत कोन हाय?"

"मी आहे, मिस्त्री! उचला ना लवकर!"

"उचलतो. पैलं सांग. आधी चौकट का आधी दार?"

"चौकट!"

"आयकू नाय आला."

"चौकट! चौकट! चौकट!"

"तीनदा नको गो. एकदाच सांग, पन मनापासून."

ते मी कसं सांगितलं मला आठवत नाही, पण काकू पुढे वर्षभर माझी नक्कल करायच्या. मिस्त्रींनी दार एका हाताने उचललं आणि भिंतीला टेकवलं. मग त्यांची नजर खिळ्याला टांगलेल्या सुतळीवर गेली. ती घेऊन त्यांनी दाराला लावली. तंतोतंत. चौकटीला लावली. तीन बोटं आखूड.

"बाय, माप जुन्या दाराचं घेतलं?"

"हो. अगदी बरोबर घेतलंय."

"साएब दर पावसाळ्यात त्याला खालून रंधा मारतात, ते दार?"

दर पावसाळ्यात दार फुगायचं, घासायचं, आणि आमचे हे कुणाचा तरी रंधा उसना आणून खालची कड तासायचे. आठ पावसाळे. मिस्त्रींनी माझ्याकडे कलत्या चौकटीकडे बघावं तसं पाहिलं.

"म्हंजे म्हाताऱ्याचं माप घेतलं, नि त्या मापाचा सदरा जावयाला शिवला."

रात्री जेवताना मी हे यांना सांगितलं. अंबरनाथच्या कंपनीत हे ऑफिसर, पण तिथे यांच्या कामाचं माप कुणी काढत नसे. यांचा चेहरा खुलला. "तीन बोटं? मला वाटलं दोनच तासली असतील."

गौरींना अकरा दिवस राहिले होते. मिस्त्रींनी एक अख्खा दिवस नुसतं बघण्यात घालवला. मी आत दात ओठ खात होते, आणि सासूबाई त्यांना दर तासाला कोरा चहा नेऊन देत होत्या. दोघांचं जमायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकटीचे दोन्ही पाय गुडघ्यापासून तिरके कापले आणि कुजका उंबरठा उपटून काढला. जोडायचं लाकूड स्वतःच्या गोठ्यातून आणलं, जुन्या तुळईचं. "नवं लाकूड लई बोलतं. जुनं गप बसतं."

मधले सात-आठ दिवस आमच्या घराला नुसतं भगदाड होतं. पोस्टमन सरळ स्वयंपाकघरात येऊन पत्र द्यायचा आणि आमटीचा वास कसा आहे ते सांगायचा. एक शेळी देवघरापर्यंत जाऊन झेंडूच्या माळेला पावन करून आली. मी चिडचिड करायचे. मिस्त्री मात्र तिथे बसून एकच सांधा पुन्हा पुन्हा तासायचे, लावून बघायचे, काढायचे. शेवटी नवा पाय जुन्या पायाला असा भिडला, जसे नमस्कारात दोन तळवे. नखही जाईना. आणि उंबरठा त्यांनी मुद्दाम तीन बोटं उंच केला. माझी सगळी चूक त्या उंबरठ्यात पुरून टाकली, आणि त्याबद्दल पुढे एक अक्षर काढलं नाही.

गौरी यायच्या आदल्या दिवशी सकाळी चौकट भिंतीत बसली. लोखंडी पकडी सिमेंटात गाडून झाल्या. मी दार पुसून तयार ठेवलं होतं.

"चला मिस्त्री, टांगा!"

"चार दिस कोनी हात लावायचा नाय. शिमिट ओलं हाय. आता भार टाकला तर सारी मेहनत पान्यात."

"उद्या गौरी येणार! उद्या जाऊबाई येणार!"

"येऊ दे की."

मी रागावले, मग गयावया केली, मग पुरणपोळीचं आमिष दाखवलं. माणूस हलेना. त्यात काकूंच्या फोनवर जाऊबाईंचा निरोप आला होता, "मोराचं दार घेतलंय म्हणे, बघायची उत्सुकता आहे." मी उलट निरोप धाडला होता, "बघालच." आता घराला दारच नाही म्हटल्यावर त्या गौरींचे मुखवटे त्याच पावली डोंबिवलीला परत नेणार, हे मला लख्ख दिसत होतं. शेवटचं अस्त्र म्हणून मी म्हटलं, "गौरींच्या अंगावर सोनं असतं, मिस्त्री. उघड्या घरात ठेवायचं? काही झालं तर तुम्ही भरून देणार?"

यावर मात्र ते थांबले. पेन्सिलीने पाठ खाजवली आणि निघून गेले. मी सासूबाईंपुढे रडायला बसले. त्या पुरण वाटत होत्या.

"गौर कुठे थांबते गं?" त्यांनी विचारलं.

"उंबरठ्यावर."

"पाय कुठे धुतो तिचे?"

"उंबरठ्यावर."

"मग दाराला कोण विचारतंय? ती येताना दार उघडंच असतं. डोळे पूस आणि डाळ बघ, उतू जातेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री हजर. अंघोळ केलेली, टोपी धुतलेली, काखेत स्टूल. चौकटीच्या बरोबर मधोमध, उंबरठ्याच्या आत स्टूल टाकलं आणि बाहेर तोंड करून बसले.

"हे काय?"

"दार नाय, तर मी हाय."

आणि ते खरोखर दार झाले. कुणी आलं की "कोन?" विचारायचं. आतून होकार आला की उठून बाजूला व्हायचं, माणूस आत गेला की परत बसायचं. दूधवाला, काकू, साहेब, सगळ्यांना एकच नियम. साहेबांना तर "नाव सांगा" म्हणाले.

जाऊबाई आल्या त्या रिक्षातून, गुडघे सांभाळत, मुखवट्यांची पेटी मांडीवर घेऊन.

"कोन?" मिस्त्री.

"मी थोरली सून या घरची!"

"जरा थांबा. आत इचारतो." आणि मान वळवून, "बाय, थोरली सून म्हनतात. घ्यायचं?"

मी खिडकीआड पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी. जाऊबाई आत आल्या, चारी बाजूंनी पाहिलं. "दार कुठाय गं?"

"हे काय," असं म्हणून मिस्त्री खाली बसले.

मग आवाहन. मी मुखवटा पदराखाली घेऊन बाहेर उभी, आत सासूबाई नि काकू ताट-पळी वाजवतायत, उंबरठ्यापासून देवघरापर्यंत हळदीकुंकवाची पावलं. मिस्त्री टोपी काढून कोपऱ्यात सरले. माझ्या पायांवर दूधपाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळला. मी थाटात पाऊल उचललं. आठ वर्षांच्या सवयीने उचलावं तेवढंच.

तीन बोटं कमी पडली. अंगठा ठेचकाळला, मी पुढे झेपावले, छातीशी गौर, आणि मोकळ्या हाताने जे सापडलं ते धरलं. चौकट. माझा अख्खा भार एका हातावर, ओल्या सिमेंटातल्या चौकटीवर.

"चौकटीला हात नको!" मिस्त्री ओरडले.

ताट-पळी थांबली. जाऊबाईंचा श्वास मला ऐकू आला. मी तशीच तिरकी लटकलेली. चौकट केसभरही हलली नाही. सांध्यातून हूं की चूं नाही. मी हळूच सरळ झाले, मुखवटा पाहिला, तो हसराच होता. मिस्त्री पुढे आले, डोळे मिटून चौकटीला कान लावला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "वाजवा."

ताट-पळी पुन्हा सुरू झाली. गौर देवघरात पोचली.

तीन दिवस मिस्त्री तिथे होते. दोन रात्री चटईही तिथेच टाकली. सासूबाई दुपारी ताट नेऊन त्यांच्यापुढे ठेवायच्या आणि ते चौकटीत बसूनच जेवायचे, कुणी आलं की ताटासकट सरकायचे. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांची रांग त्यांनी अशी लावली की शेवटची बाई पायऱ्यांखाली होती. विसर्जन झाल्यावर जाऊबाई पेटी घेऊन निघतील म्हणून मी ती पुसून ठेवली होती. त्यांनी ती उचलली, माझ्या हातात दिली.

"ठेव तुझ्याकडेच. पुढल्या वर्षीही इथेच होऊ देत," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात पडली असतीस तर गौरीसकट गेली असतीस. आमची चौकट भुसभुशीत आहे." मग मिस्त्रींकडे वळून, आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी नरम आवाजात बोलल्या. "डोंबिवलीला येता का हो?"

"आधी बसून बघावी लागंल," मिस्त्री म्हणाले.

चौथ्या दिवशी त्यांनी दार टांगलं. तासही लागला नाही. चारी बाजूंना सारखी फट, एका पत्त्याच्या जाडीची. लावलं तर आवाज असा, जसं जाड पुस्तक मिटावं. आम्ही दिलेला शर्टपीस आणि नारळ त्यांनी पिशवीत टाकला, स्टूल काखेत मारलं आणि माझ्याकडे न बघता मोराला म्हणाले, "नीट ऱ्हा." गेले.

मी दार लावलं, उघडलं, लावलं. कुणी बघत नाही पाहून मोराच्या गळ्यावर हातही फिरवला. इतक्यात आतून सासूबाई आल्या. हातात वाढलेलं ताट, नजर ताटावर, तीन दिवसांची सवय पायांत. त्या तशाच पुढे गेल्या आणि ताटासकट बंद दारावर आपटल्या. वरण मोराच्या पिसाऱ्यावरून ओघळून उंबरठ्यावर साचलं.

सासूबाईंनी नवं दार खालपासून वरपर्यंत एकदा पाहून घेतलं.

"आधीचं बरं होतं गं," त्या म्हणाल्या. "निदान सरकत तरी होतं."